ओझे कोणी वाहिले?
मराठी प्रवासवर्णन : यजमानाच्या ओसरीवरून

मराठी प्रवासवर्णनाविषयी आजवर जे टीकालेखन झाले, ते बहुतांशी प्रवाशाच्या बाजूने झालेले आहे. लेखकाने काय पाहिले, किती सूक्ष्मतेने पाहिले, त्याच्या वर्णनात चित्रमयता किती आणि विनोद किती, याची चिकित्सा आपल्या टीकाकारांनी आवडीने केली. ती योग्यच होती. परंतु प्रवासाला नेहमी दोन पक्ष असतात : एक जाणारा, आणि दुसरा ज्याच्या दाराशी तो जाऊन उभा राहतो तो. या दुसऱ्या पक्षाच्या जागेवर बसून आपले प्रवासवाङ्मय वाचून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार या नियतकालिकाच्या वाचकांपुढे मांडण्यात काही औचित्य आहे असे मला वाटते. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, मडगाव येथील मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या यजमान राहिला आहे. महाराष्ट्रातून कीर्तनकार आले, नाटक मंडळ्या आल्या, व्याख्याते आणि कवी आले. त्यांची उतरण्याची सोय आपल्याच माजघरांत झाली. परत गेल्यावर त्यांपैकी काहींनी आपल्या गावांविषयी लिहिले. त्या लेखनात राजवाडा होता, तलाव होता, तेथील मिठाईही होती. पण ज्याच्या घरी ते उतरले त्याचे नाव ‘एका स्नेह्याकडे’ या दोन शब्दांत आटोपले होते. ही तक्रार नव्हे. पण असे लेखन वाचताना आपल्या मनात जे उमटते, त्यातून टीकेची एखादी कसोटी हाती लागते काय, हे पाहण्यास हरकत नसावी.

प्रथम माझाच एक अपराध सांगतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी व्याख्यानाच्या निमित्ताने मी अशाच एका गावी गेलो होतो. मुक्काम दोन दिवसांचा. बरोबर मात्र एक लोखंडी ट्रंक, एक होल्डॉल आणि सुतळीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा. यजमान शाळेत शिक्षक होते, घर दोन खोल्यांचे, तेही तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या दोन मुलांनी ती ट्रंक वर चढवली. पहाटे पाणी पिण्यासाठी उठलो, तेव्हा यजमानांच्या वृद्ध आई स्वयंपाकघरात चुलीजवळ अंगाचे मुटकुळे करून निजलेल्या दिसल्या. माजघरातील त्यांच्या जागी माझी खाट होती, आणि खाटेशेजारी ट्रंक. त्या दोन दिवसांत ती ट्रंक मी एकदाही उघडली नाही. परत आल्यावर त्या गावाविषयी मी एक लेख लिहिला आणि तो छापूनही आला. त्यात नदीचा घाट होता, सभेतील टाळ्या होत्या; त्या म्हातारबाई नव्हत्या. आज तो लेख वाचवत नाही. त्यातील भाषा वाईट आहे म्हणून नव्हे. त्यात एक माणूस गहाळ आहे म्हणून.

तेव्हापासून प्रवासवर्णन हाती आले की मी दोन प्रश्न विचारतो. लेखकाने बरोबर काय नेले, आणि ते कोणी वाहिले? ओझे या शब्दात मी ट्रंक-वळकटी तर धरतोच, पण खाण्यापिण्याच्या सवयी, सोवळे, पूर्वग्रह आणि कौतुकाची अपेक्षा हीही धरतो. प्रवासात कमी सामान घ्यावे हा उपदेश सामान्यतः सोयीसाठी केला जातो. पण त्यातील खरा मुद्दा सोयीचा नाही, नीतीचा आहे. जे ओझे प्रवासी स्वतः उचलू शकत नाही ते हमालाच्या डोक्यावर, सहप्रवाशाच्या पायाशी नाही तर यजमानाच्या माजघरात जाऊन पडते. साहित्यातही तसेच घडते. जे ओझे लेखक खाली ठेवू शकत नाही, ते पानावर येते आणि तेथे दुसऱ्या माणसाची जागा अडवते.

ही कसोटी बाहेरून आणलेली नाही. मराठी गद्याचा आरंभच एका अखंड प्रवासातून झाला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हे चालत्या माणसाचे चरित्र होय. अटन, भिक्षान्न आणि विजनवास हे महानुभाव आचाराचे आधारस्तंभ. संचय हा तेथे दोषच मानला गेला. चक्रधर कोठे उतरले आणि कोठे बसले, याची नोंद पंथाने इतक्या निष्ठेने ठेवली की त्यातून ‘स्थानपोथी’ हा स्वतंत्र ग्रंथ निर्माण झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या चरित्रात सेवा करणारी माणसे पडद्याआड जात नाहीत. बाइसा रांधतात, वाढतात, काळजी वाहतात, आणि त्या नावानिशी पानापानावर दिसतात. कोणी भिक्षा घातली, कोणी ओसरी दिली, हे सांगण्यात म्हाइंभटांना कमीपणा वाटत नाही. ओझे कमी आणि माणसे पुष्कळ, असा हा मराठी प्रवासगद्याचा पहिला नमुना आहे.

यानंतर एकदम विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाकडे येतो. कारण प्रस्तुत विषयाचा सर्वांत समृद्ध आधार तोच आहे. कोकणातील वरसई गावचा हा भिक्षुक १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाला. घरात कर्ज झाले होते, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कानी आली होती. वाटेत महूजवळ शिपायांशी गाठ पडली, उठावाची बातमी कळली, आणि दक्षिणेसाठी निघालेला हा प्रवासी एका युद्धाच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. १८५८ सालचा झाशीचा वेढा त्याने शहराच्या आतून पाहिला. हा वृत्तांत त्याने सुमारे पाव शतकानंतर चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिला. वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला, पण मजकुरात व भाषेत फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली निघाली. अध्यापकांनी वर्गात ही दुसरी प्रतच जवळ ठेवावी. विष्णुभटाचा आवाज ऐकायचा तर तो त्याच्याच तोंडून ऐकावा.

या ग्रंथाचे सामर्थ्य साधारणतः ऐतिहासिक साधन म्हणून सांगितले जाते. माझ्या मते त्याची घडण वाङ्मयीन दृष्टीनेही लक्षणीय आहे, आणि ती घडण ओझ्याची आहे. विष्णुभट निघतो तो भरून आणण्यासाठी. आरंभीच्या भागात दक्षिणेचे आकडे आणि पंक्तीतील पदार्थ यांत त्याचे मन रमलेले दिसते. ते तो लपवीत नाही, म्हणून त्याचा रागही येत नाही. पुढे मिळालेले द्रव्य सांभाळणे हाच प्रवासाचा मोठा उद्योग होऊन बसतो. ते लपवावे कोठे, कोणावर विश्वास ठेवावा, रात्री झोपावे कसे? ज्याच्या कमरेला द्रव्य आहे त्याला प्रत्येक अनोळखी माणूस चोर दिसू लागतो, हे विष्णुभटाने सूत्ररूपाने कोठे सांगितले नसले तरी त्याच्या वर्तनातून ते स्पष्ट वाचता येते. मग झाशीचे बिजन होते, लूट होते. द्रव्य जाते, सामान जाते, उरतो तो देह आणि जिवाची भीती.

आणि येथेच लेखक म्हणून विष्णुभट मोठा होतो. हातातले गेल्यावर त्याची नजर दुसऱ्यांच्या हाताकडे जाते. कोणी पाणी दिले, कोणी भाकरी दिली, कोणाच्या घरावर काय प्रसंग गुदरला, याचे त्याचे वर्णन आता घाईचे राहत नाही. ज्या शहरात तो पाहुणा म्हणून उतरला होता, ते त्याच्या डोळ्यांदेखत जळाले. तो वाचला आणि यजमान शहर वाचले नाही. ही टोचणी ग्रंथाच्या उत्तरार्धात सतत जाणवते. प्रवासवर्णनाच्या आपल्या परंपरेत यजमानाविषयीचे इतके मोठे ऋण दुसऱ्या कोणी पानावर मांडल्याचे मला आठवत नाही.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशी येते. विष्णुभट पाणी काढून देण्यास पुढे होतो. तो विद्वान ब्राह्मण, त्याने आपल्यासाठी श्रम करू नयेत असे म्हणून ती त्याला थांबवते, आणि स्वतःच पाणी काढून ओंजळीने पिते. या प्रसंगातील वीरश्रीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात जातिमर्यादेची जुनी जाणीव आहे, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. राज्य गेले, सैन्य विखुरले, बरोबर काहीही राहिले नाही, अशा अवस्थेतही वाटेत भेटलेल्या माणसाकडून सेवा घेण्याचा तिला संकोच वाटतो. राणीपणाचे ओझे तिने त्या विहिरीपाशी दुसऱ्यावर टाकले नाही. विष्णुभटाने हे टिपले, यावरून तो स्वतः कोणत्या शाळेतून गेला होता ते कळते.

प्रवासाच्या अखेरीस विष्णुभट घरी येतो तो गंगेची कावड घेऊन. कर्ज फेडण्यासाठी द्रव्य आणायला गेलेला मुलगा आईवडिलांना गंगास्नान घडवण्यासाठी पाणी घेऊन परततो. हे ओझे त्याच्या स्वतःच्या उपयोगाचे मुळीच नव्हते. ग्रंथाच्या आरंभीची अपेक्षा आणि अखेरची कावड ही दोन टोके एकत्र धरली म्हणजे, कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी रचना आपोआप सिद्ध झालेली दिसते. मात्र विष्णुभटाने सर्वच ओझे टाकले असे म्हणता येणार नाही. सोवळ्याओवळ्याचे आणि जन्मजात श्रेष्ठत्वाचे गाठोडे त्याने झाशीच्या आगीतूनही सुखरूप बाहेर काढले. ते लुटारूंनाही नको होते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, मग प्रवास करावा तो रिकाम्या हाताने; निष्कांचन प्रवासी हाच आदर्श. हे इतके सरळ नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही तो दुसऱ्याच्या शिध्यावर जगतो. त्याचे ओझे नाहीसे झालेले नसते, ते केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेले असते. या अडचणीचा विचार नर्मदा परिक्रमेच्या साहित्यात करावा लागतो. नर्मदा ही सुमारे १३१२ किलोमीटर लांबीची नदी. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत ती उजव्या हाताला ठेवून, कोठेही न ओलांडता तिला प्रदक्षिणा घालायची. परंपरेने काळ सांगितला आहे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस. परिक्रमावासीयाने द्रव्यसंचय करू नये, मिळेल ते सदावर्त घ्यावे. माळव्यातील आपल्या वाचकांना ओंकारेश्वरी आणि महेश्वरी हे दृश्य नित्याचे आहे.

गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ (१९५७) या कथनात ही वाट मराठीत आणली. नायकाला नाव नाही, हे शीर्षकच सांगते. नाव हेही एक ओझेच. ते खाली ठेवल्याशिवाय भेटलेली माणसे मोठी होत नाहीत, हे दांडेकरांना कळले होते. तीरावरची साधी माणसे त्यांच्या गद्यात ज्या जिव्हाळ्याने येतात, तिचे मूळ या अनामपणात आहे. तरीही एक प्रश्न राहतोच. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावासीयांना लुटतात आणि अंगावर लंगोटी तेवढी ठेवतात, ही गोष्ट परिक्रमेच्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि तिला वैराग्याच्या परीक्षेचा अर्थ दिला गेला. प्रवाशाच्या बाजूने हा अर्थ सुंदर आहे. पण ज्याच्या रानातून ही वाट जाते, त्या भिल्लाची बाजू कोणी लिहिली? त्याच्या झोपडीत किती दाणे होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याला आजवर काय दिले होते? आज त्या झाडीचा मोठा भाग सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला आहे. २०१९ साली ते सरोवर प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरले. यात्रेकरूंची वाट बदलली, रहिवाशांची गावे गेली. परिक्रमेवरील नवे पुस्तक हाती घेताना हा भेद लेखकाच्या ध्यानात आहे की नाही, हे आपण पाहिलेच पाहिजे.

निष्कांचन प्रवाशाने यजमानाचे ऋण फेडावे कसे, याचे उत्तर ग्रंथात नव्हे, एका आयुष्यात सापडते. गाडगे महाराजांचे सामान म्हणजे एक गाडगे आणि एक खराटा. दांडेकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, हा योगायोग नव्हे. तरुणपणी ते महाराजांबरोबर हिंडले होते. गावात पाऊल टाकताच हा पाहुणा आधी गाव झाडायचा, मग भाकर मागायचा, आणि रात्री कीर्तन करायचा. घेणे आणि देणे यांचा क्रम त्यांनी उलटा केला. पंढरपूरला त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, ती ज्यांना इतर धर्मशाळांची दारे बंद होती त्यांच्यासाठी. प्रवाशाने जागा सोडताना ती आली होती त्याहून स्वच्छ सोडावी, या नियमाला आपल्याकडे याहून मोठा आधार शोधण्याची गरज नाही.

बंद दारांचा उल्लेख आला, तेव्हा या विषयाच्या सर्वांत कठीण भागाकडे वळणे प्राप्त आहे. प्रवासी स्वतः उचलतो त्या ओझ्याविषयी आपण बोललो. परंतु समाज एखाद्याच्या माथ्यावर जे ओझे ठेवतो, ते त्याने कोणत्या धर्मशाळेत उतरवावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजीत लिहिलेल्या आठवणी आपण प्रवासवर्णन म्हणून सहसा वाचत नाही. त्या तशा वाचाव्यात, असे मी आग्रहाने सुचवतो. १९०१ साली नऊदहा वर्षांचा एक मुलगा भावंडांसह वडिलांना भेटायला निघतो. नवे कपडे आहेत, बरोबर शिदोरी आहे. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळते आणि स्टेशनमास्तर दूर सरकतो. गाडीवाला दुप्पट भाडे घेऊन तयार होतो, तेही मुलांनीच गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे या अटीवर. रात्रभर पाणी मिळत नाही, आणि पाण्यावाचून जवळची शिदोरी घशाखाली उतरत नाही. प्रवासात काय न्यावे याच्या याद्या आपण करतो. या मुलांनी सर्व काही बरोबर घेतले होते. जे त्यांच्या हातात नव्हते ते वाटेवरच्या माणसांनी द्यायचे होते.

याच आठवणींत वडोदरा आहे, आणि तेथील वाचकांना तो भाग अधिक जवळून लागेल. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षणानंतर आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले. युद्धाचे दिवस होते. निराळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान बोटीबरोबर समुद्रात बुडाले होते. म्हणजे ओझे असे फारसे उरलेच नव्हते. तरी शहरात उतरायला जागा नव्हती. नाव बदलून एका पारशी वसतिगृहात ते राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. दोन परिचितांकडे आसरा विचारला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. अखेर गाडीच्या वेळेपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. या प्रकरणात निवेदकाचा आवाज कोठेही चढत नाही. तपशील एकापाठोपाठ एक येतात, आणि वाचणारा यजमान असेल तर त्याला मान वर करता येत नाही. यजमान म्हणून आपला गौरव या लेखाच्या आरंभी मी केला. त्या गौरवाला ही दुसरी बाजू जोडल्याशिवाय तो खरा होणार नाही.

इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख याच संदर्भात पुन्हा वाचावा. पंढरीची वारी हा आपल्याकडील सामुदायिक प्रवासाचा सर्वांत मोठा प्रयोग. दिंडी म्हणजे नुसती गर्दी नव्हे. चालण्याचा क्रम, मुक्काम, जेवण यांची तेथे एक व्यवस्था आहे. इरावतीबाई त्या चालीत मिसळल्या, आनंदल्या, आणि या वाटेवर त्यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्याही सापडली. परंतु एकच अभंग म्हणत चालणाऱ्या माणसांच्या पंक्ती मुक्कामावर जातीप्रमाणे निराळ्या बसतात, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या. मराठा बायकांबरोबर बसून त्या जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळ्या झाल्या, हे त्यांनी साधेपणाने नोंदवले आहे. समाजशास्त्रज्ञाने निरीक्षक म्हणून दूर उभे राहायचे असते. ती शिस्त थोडी बाजूला ठेवून बाई पंक्तीत बसल्या, म्हणून हा लेख अहवाल न होता साहित्य झाला. डोक्यावर तुळस घेऊन चालणारी वारकरीण आपले ओझे कोणाला देत नाही. पण शेजारणीच्या हातची भाकरी घेता न येणे हे ओझे तिलाही वाहावे लागते, हे त्यांनी दाखवले.

आता परदेशच्या प्रवासवर्णनांकडे. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाने आधुनिक मराठी प्रवासलेखनाला वळण दिले, हे सर्वमान्य आहे; त्याचा विस्तार येथे करीत नाही. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’चा (१९६०) मात्र विचार केला पाहिजे, कारण तिच्या आरंभीच्या भागात तयारीचाच विषय आहे. निघण्यापूर्वी मिळणारे सल्ले, करावी लागणारी खरेदी, नव्या रीतिभाती शिकण्याची धडपड, या साऱ्यांतून एक मध्यमवर्गीय मराठी घर बोटीवर चढताना दिसते. पुलंनी ते ओझे लपवले नाही. उलट उघडून दाखवले आणि आधी स्वतःलाच हसून घेतले. त्यामुळे ते वाचकाला जड होत नाही. तरीही परक्या देशातील माणसे ‘अपूर्वाई’त पुष्कळदा आपल्या तुलनेसाठी उभी केलेली वाटतात. हा दोष एकट्या पुलंचा नव्हे, त्या पिढीच्या नजरेचा होता. त्यांच्यानंतर त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी विनोद घेतला नाही, तुलना तेवढी घेतली.

पुलंचा स्वतःचा प्रवास मात्र तेथे थांबला नाही. पन्नाशीला आलेला, लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला हा लेखक बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात विद्यार्थी होऊन राहिला, आणि त्यातून ‘वंगचित्रे’ (१९७४) झाले. दुसऱ्याच्या घरी जाताना त्याची भाषा शिकून जाणे, याहून मोठे सौजन्य प्रवाशाला दाखवता येत नाही. प्रसिद्धीचे ओझे उतरवून पुन्हा बालबोध पाटी हाती घेणे सोपे नसते. माझ्या दृष्टीने ‘वंगचित्रे’ ‘अपूर्वाई’इतके लोकप्रिय नसले तरी प्रवासवर्णन म्हणून अधिक प्रौढ आहे. आणि यजमानाच्या बाजूने पाहू लागलो तर पुलंची खरी कमाई आणखी निराळ्याच ठिकाणी आहे. ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र प्रवासवर्णन म्हणून कोणी वाचीत नाही. पण बेळगावात आलेल्या माणसाने तेथील यजमानाचे ऋण कसे फेडावे, याचे ते उत्तम उदाहरण आहे. कानडी वळणाची मराठी, रागालोभाचा भडका, मैफलीवरचे प्रेम, यांसह तो माणूस सबंध उभा राहिला आहे. शहराचे वर्णन तेथे जवळजवळ नाही; तरी बेळगाव त्याहून अधिक कोठे दिसते?

अलीकडच्या प्रवासलेखनाविषयी सविस्तर लिहिण्याची ही जागा नव्हे. विमानाने ओझ्याला किलोंची मर्यादा घातली, मनाच्या ओझ्याला ती घालता आली नाही, एवढे म्हणता येईल. सहल-व्यवस्थापकाने ठरवलेली स्थळे, ठरावीक जेवण, भराभर काढलेली छायाचित्रे, आणि परत आल्यावर छापलेले पुस्तक. त्यात वाहनचालक, स्वयंपाकी, खोली झाडणारी बाई यांना नाव नसते. प्रवासाची सुखसाधने वाढली म्हणून लेखन उथळ झाले, असे माझे म्हणणे नाही. सुखसाधनांमुळे ओझे वाहणारा माणूस दृष्टीआड गेला आहे, आणि त्याला पुन्हा दृष्टीसमोर आणण्यास लेखकाला आता अधिक प्रयत्न करावा लागेल, एवढेच.

अध्यापकबंधूंना एक सूचना करून हा लेख संपवतो. आपण विद्यार्थ्यांना ‘मी केलेला प्रवास’ हा निबंध वर्षानुवर्षे घालत आलो. एखाद्या वर्षी त्याऐवजी ‘आमच्याकडे आलेला पाहुणा’ हा विषय द्यावा. तो आला तेव्हा घरात कोणी जागा बदलली, पाणी कोणी भरले, तो गेल्यावर काय आठवण राहिली, हे मुलांनी लिहावे. मग त्यांच्यापुढे ‘माझा प्रवास’ ठेवावा. विहिरीचा प्रसंग आणि गंगेची कावड त्यांना निराळी करून सांगावी लागणार नाही.

माझ्या त्या यजमानांच्या मातोश्री पुढे लवकरच वारल्या. त्यानंतर एकदा त्या गावी जाण्याचा योग आला, तेव्हा एक पिशवी घेऊन गेलो आणि खाली सतरंजीवर निजलो. यजमान हसून म्हणाले, “सर, या खेपेला सामान कुठाय?” मला उत्तर सुचले नाही.